वर्षाच्या आतलं लोखंड

दादा असताना त्याची पिकअप फाट्यावरून आत वळली की मागच्या रिकाम्या हौद्याचा एक आवाज यायचा. जड झाकण भांड्यावर पडावं तसा. तो ऐकला की मी हातातलं पुस्तक मिटून चहाचं आधण ठेवायची. पुढं दादा माघात गेला. नर्सरीत पाणी देताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. गाडी शेडमध्ये उभी राहिली, आवाज बंद झाला आणि चहाची वेळही मोडली.

उन्हाळा सरताना वहिनीनं गाडी बाहेर काढली. चालवायला दादानंच शिकवलं होतं, परवानाही होता. पण आता फाट्यावरचा आवाज बदलला होता. झाकण एकदा पडून थांबायचं नाही. पुन्हा पडायचं, पुन्हा पडायचं आणि मग कुठं गप्प व्हायचं.

आमची नर्सरी खुलताबादच्या अलीकडं, रस्त्याला लागून आहे. मोसंबी, केसर आंबा, सीताफळ यांची कलमं आम्ही करतो. ‘आम्ही’ म्हणायचं खरं, पण मी शहरातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते आणि सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी परतते. कलमं दादा आणि वहिनी करायचे. आता एकटी वहिनी करते. गिऱ्हाईक कलमं न्यायला आमच्या दारात येत नाही, त्याला ती शेतात पोचवून द्यावी लागतात. म्हणजे गाडी आहे तोवर नर्सरी आहे.

दादामागची पहिली खेप फुलंब्रीकडं गेली. काही दिवसांनी त्या शेतकऱ्याचा फोन आला की कलमं माना टाकताहेत. वहिनी जाऊन बघून आली. कलमाच्या मुळाभोवती मातीचा एक घट्ट गोळा असतो, त्याला हुंडी म्हणतात. ती फुटली की आतली बारीक मुळं तुटतात आणि झाड वरून हिरवं दिसत असलं तरी आतून संपलेलं असतं. पिशव्या कापल्या तर आत हुंडीच नव्हती, नुसता भुगा होता. वाटेत गाडीनं कलमं अक्षरशः आपटत नेली होती.

वहिनी परत आली तेव्हा आई ओट्यावर बसली होती. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “करमाडची खेप घेतलीस ना? ती कर. नीट पोचली तर गाडी ऱ्हाऊ दे. नाय पोचली तर विकून टाका. तू घाट उतरायलीस आन् मी इथं वाटंला डोळे लावून बसायची, हे मला आता व्हत नाय.”

वहिनी पायरीवर चपला काढून आत गेली. करमाडच्या माणसानं मोसंबीच्या नव्या बागेसाठी खड्डे घेऊन ठेवले होते. त्याला भाद्रपदातच लागण करायची होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गाडी घेऊन शहरात मिस्त्रीकडं गेलो. तो दादाच्या ओळखीचा. दादाला ‘भाई’ म्हणायचा आणि वहिनीला ‘भाभी’. त्यानं हौद्याचा मागचा कोपरा अंगाचा भार देऊन खाली दाबला आणि सोडला. गाडी उठली, बसली, पुन्हा उठली, पुन्हा बसली. ती एकदा उठून जागेवर थांबायला हवी, हे मी आदल्या दिवशी फोनवर वाचलं होतं, त्यामुळं त्यानं तोंड उघडण्याआधीच मला कळलं.

“मागचे दोन्ही शॉकअप गये, भाभी,” तो म्हणाला. “स्प्रिंगचे पाटे गाडीला उचलतात, शॉकअप तिला आवरतो. आता आवरनेवालाच कोई नई.”

हे वाक्य तो सहज बोलून गेला. मग वहिनीकडं बघून त्यानं उगाच पाना उचलला आणि दुसऱ्या गाडीकडं वळला.

नवे शॉकअप घ्यायचे एवढंच काम होतं. पण संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा आईनं ताटावरचा हात थांबवला.

“नवं लोखंड?”

मी हे विसरले होते. आमच्या घराण्यात माणूस गेला की वर्षश्राद्ध होईपर्यंत नवं लोखंड आणत नाहीत. विळी नाही, कढई नाही, खुरपंही नाही. आजोबा गेले त्या वर्षी वडिलांनी अख्खा हंगाम शेजारून मागून आणलेल्या कुदळीवर काढला. वर्षाच्या आत आलेलं लोखंड घरातलं आणखी एक माणूस नेतं, असं म्हणतात. हे खरं नाही हे मला कळतं. पण आई ते बोलत होती तेव्हा तिची नजर वहिनीवर होती, आणि त्या नजरेला काय उत्तर द्यावं ते कुठल्या पुस्तकात मला सापडलेलं नाही.

मग वहिनी म्हणाली, “आत्याबाई, जुनं आणलं तर? दुसऱ्याच्या गाडीवरचं उतरवलेलं?”

आईनं विचार केला. “जुनं चालंल,” ती म्हणाली. “जुन्याचं जे काय व्हायचं ते त्याच्या त्याच्या घरी व्हऊन गेलेलं असतं.”

म्हणून आम्ही भंगाराच्या गल्लीत गेलो. तिथं मोडलेल्या गाड्यांचे भाग सुटे करून विकतात. एका दुकानात शॉकअप पोत्यावर ओळीनं निजवून ठेवले होते, सगळे काळेभोर. दुकानदार गादीवर मांडी घालून बसला होता. त्यानं बसल्या जागेवरून एक जोडी पुढं सरकवली.

“आपल्याच मॉडेलचा. फक्त वर्षभर चाललेला. पुढून ठोकलेल्या गाडीचा माल, पीछे का कुछ नई बिगड़ा.”

वहिनीनं एक उचलून जमिनीवर टेकवला आणि दांडा खाली दाबला. मध्येच तो सुळकन मोकळा गेला. तिनं माझ्याकडं बघितलं.

“आडवा पडला होता ना बाई, हवा धरली,” दुकानदार म्हणाला. “उभा धरून चार वेळा दाबा. मग बोला.”

तिनं तसं केलं. मोकळा जाणं थांबलं. दांडा आता अगदी सावकाश, जड जात होता. ती दुसऱ्याकडं वळली. मी पहिला हातात घेतला तर बोटांना वास लागला.

“रंग ताजा आहे,” मी म्हणाले.

“मॅडम,” दुकानदार म्हणाला, “लग्नात नवरीलापण हळद लावतात. मग काय ती मुलगी नकली झाली का?”

वहिनी हसली. तोंडावर पदर घेऊन, पण खरोखर हसली. माघापासून मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. माझ्या मनात आणखी दोन-तीन शंका होत्या. त्या हसण्यावर ठेवायला त्या मला फार जड वाटल्या, आणि आम्ही ती जोडी घेतली.

मिस्त्रीनं ती बघून मान हलवली. “भाभी, बुढ्ढे को निकालके बुढ्ढा बिठा रहे आपण.” पण बसवून दिली. दादाचे काढलेले शॉकअप त्यानं पायानं बाजूला सारले आणि विचारलं, “याचं काय करू?” वहिनी तेव्हा गाडीत बसून चावी फिरवत होती. “टाका भंगारात,” ती म्हणाली.

करमाडला जायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही चाचणी घेतली. हौद्यात मातीनं भरलेल्या पिशव्या रचल्या आणि सगळ्यात मागं, जिथं जास्त आपटतं तिथं, विकायला न जमलेली काही वाकडी कलमं ठेवली. घाट उतरून दौलताबादला जायचं आणि परत यायचं असं ठरलं. मी वहिनीच्या शेजारी बसले.

सुरुवातीला सगळं छान होतं. खड्डा आला की गाडी बसायची, उठायची आणि थांबायची. वहिनीचे खांदे सैल झाले. “बघा वन्सं,” ती म्हणाली, “तुमचा ताजा रंग.”

घाट लागला. अर्ध्या उतारावर रस्ता उखडलेला होता. त्या तुकड्यावर गाडीनं बरेच हिसके खाल्ले आणि त्यानंतर काहीतरी बदललं. आधी तो आवाज आला, झाकण पुन्हा पुन्हा पडण्याचा. मग बसायला लागलं की गाडीची मागची बाजू आपल्या मनानं नाचतेय. वहिनीनं वेग कमी केला. मी दाराच्या वरची कडी धरली.

घाटाच्या पायथ्याशी किल्ल्याच्या तटातला जुना दरवाजा आहे. रस्ता त्याच्या कमानीतूनच जातो, आणि एका वेळी एकच मोठी गाडी आत मावते. आम्ही उतारावरून खाली येत होतो. कमान रिकामी दिसत होती. तेवढ्यात पलीकडून एसटीचं नाक कमानीत शिरलं.

वहिनीनं ब्रेक दाबला. पुढची चाकं धरली, पण मागची उसळत होती. जमिनीला टेकलीच नाहीत तर ती धरणार तरी काय. गाडीचं मागचं अंग बाजूला सरकलं. खिडकीत मला दगडी भिंत दिसली, इतकी जवळ की दोन दगडांच्या फटीत उगवलेलं पिंपळाचं रोप दिसलं. वहिनीनं ब्रेक सोडला, पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. तोंडानं ती हळू आवाजात म्हणत होती, “थांब, थांब, थांब,” बैलाला म्हणावं तसं. गाडी भिंतीपासून हातभरावर थांबली. एसटी आमच्या अंगावरून गेल्यासारखी गेली. ड्रायव्हर ओरडला, “ओ बाई, घरी पोळ्या लाटा!” वहिनीनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

तिनं गाडी कडेला घेतली. आम्ही उतरून मागं वाकून बघितलं. एका शॉकअपच्या नळीवरून तेल ओघळत होतं आणि खाली धुळीत टपटपत होतं. दुकानदारानं त्यात जाड तेल भरून वरून रंग दिला असणार. थंड असेपर्यंत ते जड लागतं, तापलं की पातळ होऊन झिजलेल्या सीलमधून बाहेर येतं. मागच्या कलमांच्या पिशव्या मी हातानं दाबून बघितल्या. सगळ्या मऊ लागल्या, आतल्या हुंड्या फुटल्या होत्या.

चढावर गाडी पहिल्या गिअरमध्ये, रांगत परत आणली. वाटेत मिस्त्रीला फोन केला. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, “भाभी, सकाळी या. नया बिठा देतो. ऊपर से काळं ग्रीस आणि मिट्टी मलून देतो, पुराना दिसेल. अम्मा को क्या मालूम पड़ेगा?”

“नाही,” वहिनी म्हणाली. “त्यांचा मुलगा होता तो. त्यांना फसवून मी ही गाडी चालवणार नाही.”

तिनं फोन ठेवला. मला कळत होतं की ती गाडी विकण्याचा विचार करते आहे, कारण फाट्याजवळ तिनं वेग आणखी कमी केला आणि नर्सरीच्या हिरव्या जाळीकडं बघत राहिली.

आई शेडपाशी उभी होती. वहिनीनं उतरल्या उतरल्या सगळं सांगितलं. भिंतीचंही सांगितलं. मला वाटलं होतं तेवढं ती गाळेल.

आई हौद्याच्या कोपऱ्यापाशी गेली. दादा गाडी आणल्यावर नेहमी तो कोपरा दाबून बघायचा. आईनं तसाच हात ठेवला, पण तिच्या अंगात तेवढा भार नव्हता. मी आणि वहिनीनं तिच्या हातांवर हात ठेवून दाबलं आणि सोडलं. गाडी डोलत राहिली. ती डोलायची थांबेपर्यंत आईनं हात काढला नाही.

“आन् त्याची कुठं हैत?” तिनं विचारलं.

आम्हाला आधी कळलं नाही.

“त्यानं बसवलेली व्हती ती. काढलेली.”

“मिस्त्रीकडं आहेत,” वहिनी म्हणाली. “भंगारात टाका म्हणाले मी.”

आई ओट्यावर जाऊन बसली. मी घरात फारशी बोलत नाही आणि आईच्या रीतींवर तर कधीच नाही. पण त्या दिवशी मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि म्हणाले, “आई, तू नव्या लोखंडाला भितेस. आज वहिनीला जुनं लोखंड नेत होतं.”

आई अंगठ्यानं ओट्याच्या कडेची माती खरवडत राहिली.

“बसवा नवं,” ती म्हणाली. “पर त्याची दोन्ही घरी आणा. घरातलं लोखंड घरातच पायजे. आन् उद्या गाडीत मीबी बसणार.”

“तुम्ही कशाला, आत्याबाई? कंबर दुखेल तुमची.”

“न्यायचंच असंल त्याला कुणाला,” आई म्हणाली, “तर आधी मला न्यावं.”

वहिनी आत निघून गेली. मोरीत पाणी सोडल्याचा आवाज आला आणि तो फार वेळ येत राहिला.

सकाळी लवकरच रिकामी गाडी पहिल्या गिअरमध्ये घाट उतरवून आम्ही दोघी शहरात पोचलो आणि मिस्त्रीला घेऊन सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं दोन खोकी काउंटरवर ठेवली. एकात गाडीबरोबर कारखान्यातून येतो तसा साधा शॉकअप होता. दुसऱ्यात जाड, भारी वजनासाठीचा.

“पिकअपला हाच घ्या,” त्यानं जाड्यावर हात ठेवला. “सगळे हाच नेतात. खडी भरा, सिमेंट भरा, गाडी दबणार नाही.”

“हौ भाभी,” मिस्त्री म्हणाला. “कल घाट में इतना हुआ, फिर भी साधा लेंगे? जाडा लो, सुकून में रहो.”

मलाही तोच घ्यावासा वाटत होता. माझ्या डोळ्यांपुढून ती भिंत हलत नव्हती, आणि जाड म्हणजे मजबूत असं माझं मन म्हणत होतं. रात्री वाचलेलं मात्र वेगळं होतं. वजन कमी असेल तर फार कडक शॉकअप खड्डा गिळत नाही, तो तसाच वर पाठवतो. कलमांच्या खेपेला वजन किती असतं ते मला ठाऊक नव्हतं आणि पुस्तकाला तर मुळीच नव्हतं. मी वाचलेलं वहिनीला सांगितलं आणि पुढं काय ते मला सांगता येईना.

वहिनीनं खोक्यांना हात लावला नाही. ती थोडा वेळ रस्त्याकडं बघत उभी राहिली. मग म्हणाली, “आपण सिमेंट नेत नाही. एकावर एक पिशवी रचताच येत नाही आपल्याला, कलमं मोडतात. आपली गाडी कधी भरलेलीच नसते.”

“पर घाट, भाभी...”

“घाटात मी सावकाश उतरते. साधा द्या.”

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं, मी वहिनीकडं. चुकलं तर काय होणार हे तिला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

गॅरेजमध्ये शॉकअप बसवेपर्यंत मी मागच्या अंगणात दादाचे शोधले. एक सायलेन्सरच्या ढिगाशी लगेच सापडला. दुसरा मिस्त्रीनं हातातलं काम सोडून येऊन, पत्रे उपसून काढला. शर्टाच्या बाहीनं पुसला. “भाईनं हे बसवले त्या दिवशी आम्हाला सगळ्यांना भजी खिलाई थी,” तो म्हणाला आणि ते पोत्यात गुंडाळून माझ्याकडं दिले.

घरी येऊन कलमं भरली. कडेला भाताचा पेंढा लावला, पिशव्या अंगाला अंग लावून उभ्या केल्या. आई मध्ये बसली. पोतं तिनं मागच्या बाजूला ठेवू दिलं नाही, पायाशी घेतलं आणि त्यावर पाय टेकवून बसली.

घाटाच्या सुरुवातीला वहिनीनं गिअर खाली घेतला. उखडलेला तुकडा आला. गाडी बसली आणि उठली आणि थांबली. पुन्हा बसली, उठली, थांबली. मी मागच्या काचेतून कलमांचे शेंडे बघत होते. ते हलत होते, पण सगळे एकदम, वाऱ्यात पीक हलावं तसे. तरी मी वाट बघत होते. कालही सुरुवातीला असंच छान होतं. तेल तापायला वेळ लागतो.

दरवाजा दिसला. या वेळी कमानीतून एक मालट्रक वर येत होता. वहिनीनं आधीच ब्रेक लावायला घेतला, अगदी हळू. आईनं डोळे मिटले आणि तिचा हात माझ्या मनगटावर आला. तिची नखं रुतली. गाडीनं नाक किंचित खाली घातलं, मागचं अंग जमिनीला धरून राहिलं, आणि कमानीच्या बरंच अलीकडं आम्ही सरळ उभ्या राहिलो. ट्रक गेला. ड्रायव्हरनं हात वर केला. वहिनीनंही केला.

“गेलं का?” आईनं डोळे न उघडता विचारलं.

“गेलं,” वहिनी म्हणाली.

शहरातून जालना रोडला लागलो, शेंद्र्याचे कारखाने मागं पडले, करमाडला पोचलो आणि शेताची कच्ची वाट धरली. ती वाट घाटापेक्षा वाईट होती. तिथं वहिनी चालत्या माणसाच्या वेगानं गेली.

बागवाला खड्ड्यांपाशी उभाच होता. फुलंब्रीची गोष्ट त्याच्या कानावर आली होती हे त्याच्या बोलण्यावरून कळलं. “वहिनी, राग मानू नका, पर मी दोन पिशव्या कापून बघणार. मग बाकी उतरवू.”

“बघा ना,” वहिनी म्हणाली.

त्यानं मधली एक पिशवी घेतली आणि विळ्यानं उभी कापली. हुंडी पिशवीच्या आकाराची, अख्खी बाहेर आली. त्यानं ती तळहातावर फिरवली आणि खाली ठेवली. मग तो हौद्याच्या शेवटच्या टोकाला गेला. तिथली एक कोपऱ्यातली पिशवी त्यानं निवडली. वहिनीचा हात हौद्याच्या कडेवर होता.

पिशवी फाटली. खालच्या कोपऱ्यातून थोडी माती सुटून त्याच्या पायावर पडली. तो थांबला. मग त्यानं हुंडी बोटांनी हलकेच दाबली, वर धरून बघितली. बाकी सगळी घट्ट होती. मातीच्या कडेला मुळाचं एक पांढरं टोक दिसत होतं, ओलं.

“उतरवा रे,” तो आपल्या माणसांना म्हणाला.

वहिनीनं कडेवरचा हात काढला आणि पदराला पुसला.

आई अजून गाडीतच होती, पाय पोत्यावर. मला वाटत होतं ती आता गाडीबद्दल काही बोलेल, ठेवा म्हणेल किंवा विका म्हणेल. तिनं काच खाली करून बागवाल्याला हाक मारली.

“अहो भाऊ. पाच-सात झाडं तर मरतातच, कुणाचीबी. त्यांच्या जागी नांग्या भरायला कलमं दुसरीकडून घेऊ नका. आमालाच फोन करा.”

“बरं, मावशी,” तो म्हणाला. “पण आणून द्यावी लागतील.”

“देईल की,” आई म्हणाली आणि वहिनीकडं बोट केलं. “ही आणून देईल.”